पाण्यावरची स्कूटर आणि मनगटावरची दोरी

डिसेंबरची सुटी लागली की तारकर्लीपासून कळंगुटपर्यंतच्या वाळूवर एक संवाद हमखास ऐकू येतो. ‘‘बाबा, एकच राऊंड!’’ बाबा पाकीट चाचपतात. आई एकदा समुद्राकडे आणि एकदा पोराकडे बघते. आजी म्हणते, ‘‘नको रे बाबा, त्यापेक्षा घोडागाडीत बसा.’’ तोवर धाकट्यानं लाईफ जॅकेट अंगात चढवलेलंही असतं. गुडघाभर पाण्यात लाल-पिवळी वॉटर स्कूटर गुरगुरत असते आणि तिच्यावर बसलेला गावातलाच तरुण हात करून बोलावत असतो. चार-पाच मिनिटांची फेरी, काहीशे रुपये, चिंब भिजलेले कपडे आणि मोबाईलमध्ये एक फोटो. संपला खेळ!

खेळ संपतो; पण ज्या वस्तूवर आपण बसलो ती नेमकी आहे तरी काय, हा विचार फारसा कुणी करत नाही. ही होडी की मोटरसायकल? खेळणं की वाहन? प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. इंग्लंडमधल्या न्यायमूर्तींना त्याचा कीस काढावा लागला. अमेरिकेतल्या एका परगण्यानं या यंत्राला आपल्या पाण्यातून हद्दपार केलं. आणि पोर्तुगालच्या किनाऱ्यावर याच यंत्रामुळे एका तरुणीचा जीव वाचला. तेव्हा फेरीचे पैसे मोजण्याआधी या स्कूटरची कुंडली एकदा मांडलेली बरी.

बँकेतल्या माणसाचा छंद

मराठी माणूस कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो, कुठल्याही छायाप्रतीला झेरॉक्स म्हणतो. ‘जेट स्की’चं अगदी तसंच झालंय. खरं तर हे जपानच्या कावासाकी कंपनीचं व्यापारी नाव. यामाहाच्या यंत्राचं नाव वेव्हरनर, कॅनडाच्या बॉम्बार्डिअर घराण्यातल्या यंत्राचं नाव सी-डू. पण किनाऱ्यावर कोण एवढी चौकशी करतो? तिथे सगळ्या जेट स्कीच. किंवा मग आपली साधी, सुटसुटीत ‘वॉटर स्कूटर’.

पाण्यावर स्कूटर चालवायची कल्पना तशी जुनी. १९५०च्या दशकात ब्रिटनमधल्या व्हिन्सेंट या मोटरसायकल कंपनीनं ‘अमांडा’ नावाची वॉटर स्कूटर बाजारात आणली होती. ती काही फार चालली नाही. आजच्या जेट स्कीचा जनक म्हणून नाव घेतलं जातं ते अमेरिकेतल्या क्लेटन जेकबसन यांचं. हे गृहस्थ बँकेत नोकरी करायचे आणि सुटीच्या दिवशी मोटरसायकल घेऊन खडकाळ माळरानावर शर्यती करायचे. मोटरसायकलवरून पडलं की अंग सोलून निघतं. मग हीच मजा पाण्यावर करता आली तर? पडलंच तर पाण्यात पडू! एवढ्या साध्या विचारातून १९६०च्या दशकाच्या मध्याला त्यांनी आपलं पहिलं यंत्र बनवलं.

त्यांचा आराखडा आधी बॉम्बार्डिअरनं घेतला. १९६८ मध्ये पहिली सी-डू आली. पण तिला गिऱ्हाईक मिळालं नाही आणि कंपनीनं लवकरच तो नाद सोडला. मग कावासाकी पुढे आली. १९७३ च्या सुमारास तिची जेट स्की विकायला लागली. हिच्यावर बसायला आसन नव्हतंच. चालवणाऱ्यानं उभं राहून तोल सांभाळायचा. थोडक्यात, ती धाडसी तरुणांची वस्तू होती. १९७७ च्या ‘द स्पाय हू लव्हड मी’ या चित्रपटात रॉजर मूरचा जेम्स बाँड पाण्यावर ‘वेटबाइक’ पळवताना दिसला आणि जगभरच्या प्रेक्षकांना असं काही असतं हे कळलं.

कुटुंबाची सोय झाली ती १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात. यामाहानं आसन असलेली वेव्हरनर आणली. पाठोपाठ १९८८ मध्ये सी-डूनं पुन्हा बाजारात पाऊल टाकलं. आता तोल सांभाळायची कसरत नको, बसा आणि कान पिळा! इथेच सगळं बदललं. जे यंत्र शिकल्याशिवाय चालवताच येत नव्हतं, ते आता न शिकताही चालवता येतंय असं वाटायला लागलं. ‘वाटायला लागलं’ हे शब्द महत्त्वाचे. कारण पुढचे सगळे घोटाळे त्यातूनच झाले.

मेंढपाळाचं इंजिन, हिमालयाची वाट

जेट स्कीला होडीसारखा बाहेर फिरणारा पंखा नसतो. मग ती पळते कशी? तिच्या पोटाखाली जाळी असते. इंजिन त्या जाळीतून पाणी आत ओढतं. आतला पंखा त्या पाण्याला जोर देतो आणि मागच्या निमुळत्या तोंडातून, म्हणजे नोझलमधून, ते जोरात बाहेर फेकलं जातं. बागेला पाणी घालताना नळीचं तोंड अंगठ्यानं दाबलं की धार कशी लांब उडते, तोच प्रकार. धार मागे, स्कूटर पुढे. हँडल वळवलं की मागचं नोझल वळतं, धारेची दिशा बदलते आणि स्कूटर वळते.

ही युक्ती मौजमजेसाठी जन्माला आली नव्हती. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर बिल हॅमिल्टन नावाचे मेंढपाळ-शेतकरी राहत. तिकडच्या नद्या रुंद, उथळ आणि गोट्यांनी भरलेल्या. साध्या मोटरबोटीचा पंखा दगडावर आपटून मोडायचा. १९५०च्या दशकात हॅमिल्टन यांनी पाणी ओढून मागे फेकणारी बोट बनवली. तिच्या तळाखाली काहीच बाहेर आलेलं नव्हतं, त्यामुळे ती वीतभर पाण्यातूनही सुसाट जायची. १९६० मध्ये अशा बोटी अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध ग्रँड कॅनियन चढून गेल्या.

या बोटींचा आपल्या देशाशीही एक सुंदर संबंध आहे. एव्हरेस्टवीर सर एडमंड हिलरी १९७७ मध्ये गंगेच्या मोहिमेवर आले, ते जेट बोटी घेऊन. गंगासागरला समुद्रापासून सुरुवात करायची आणि गंगेच्या प्रवाहाविरुद्ध हिमालयात जायचं, असा बेत होता. ‘सागरापासून आकाशापर्यंत’ असंच मोहिमेचं नाव. बोटींची नावं होती गंगा, किवी आणि एअर इंडिया. वाटेतल्या घाटांवर हजारो माणसं त्यांना बघायला लोटली. मैदानी प्रदेशातली शांत गंगा, हृषीकेशच्या वरचे खळाळते प्रवाह, असं सगळं पार करत बोटी नंदप्रयागपर्यंत पोहोचल्या. तिथे धबधब्यानं वाट अडवली, तेव्हा कुठे त्या थांबल्या.

म्हणजे पोट भरण्यासाठी, काम करण्यासाठी शोधलेलं तंत्र पुढे खेळण्यात गेलं. आणि गंमत अशी, की तेच खेळणं काही वर्षांनी फिरून कामाला लागलं. पण त्याआधी त्याची एक खोड समजून घ्यायला हवी.

हात सुटला की दिशा सुटते

रस्त्यावर स्कूटर चालवताना समोर अचानक म्हैस आली तर काय करतो? ॲक्सिलरेटर सोडतो, ब्रेक दाबतो, हँडल वळवतो. वर्षानुवर्षांची ही सवय हातात मुरलेली असते. पाण्यावरच्या स्कूटरवर नेमकी हीच सवय घात करते.

कारण तिला वळवते ती मागची पाण्याची धार. ॲक्सिलरेटर सोडला की धार बंद. धार बंद झाली की हँडल कितीही वळवा, स्कूटर वळत नाही. नाकासमोर सरळ घसरत जाते. ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारी स्कूटर सेकंदाला सुमारे १७ मीटर कापते. समोर पोहणारा माणूस, होडी किंवा धक्का दिसला, घाबरून हात सोडला आणि हँडल फिरवलं, तर ती वळेल ही अपेक्षा फोल. तिथे थोडा ॲक्सिलरेटर द्यावा लागतो, तरच ती बाजूला निघते. संकट समोर दिसत असताना वेग द्यायचा! शिकवल्याशिवाय कुणाला सुचेल हे?

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं १९९८ मध्ये या यंत्रांच्या अपघातांचा खास अभ्यास केला. त्यात एक गोष्ट डोळ्यांत भरली. इतर सगळ्या हौशी बोटींच्या अपघातांत माणसं मरतात ती प्रामुख्यानं बुडून. जेट स्कीच्या बाबतीत मात्र मृत्यूचं मुख्य कारण बुडणं नव्हतं, तर जोराची धडक आणि मुका मार हे होतं. लाईफ जॅकेट घातलेलं असूनही! कारण जॅकेट माणसाला तरंगवतं, धडक थोपवत नाही. आणि अपघात करणाऱ्यांत भाड्यानं यंत्र घेतलेल्या, हात न बसलेल्या नवशिक्यांचा भरणा मोठा होता.

कंपन्यांनीही पुढे सुधारणा केल्या. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही थोडी धार चालू ठेवणाऱ्या यंत्रणा आल्या. २००९ मध्ये सी-डूनं ब्रेक असलेलं मॉडेल आणलं. पण नव्या मॉडेलमध्ये ब्रेक आला म्हणून किनाऱ्यावरच्या जुन्या स्कूटरला तो आपोआप फुटत नाही. साध्या स्कूटरवर बसताना ‘हिला ब्रेक नाही’ असंच समजून चालायचं.

घरघर कुणाची, घर कुणाचं?

या यंत्राला शत्रू मिळाले ते केवळ अपघातांमुळे नाही. मोटरबोट आवाज करत येते आणि निघून जाते. जेट स्की मात्र एकाच जागी गोल गोल फिरत राहते. लाटेवरून उडाली की इंजिनाचा आवाज चढतो, खाली आपटली की उतरतो. किनाऱ्यावर शांतपणे पुस्तक वाचत बसलेल्या माणसाला कानाशी डास गुणगुणावा तसं होतं. भर म्हणजे जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांत पेट्रोलचा बराच भाग न जळताच पाण्यात जायचा. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसायचा तो त्याचाच.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या सॅन वॉन बेटांच्या परगण्यानं १९९६ मध्ये जेट स्कीवर बंदी घातली. तिथे देवमासे, सील, समुद्रपक्षी यांची वस्ती. यंत्रवाले कोर्टात गेले. पण १९९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं परगण्याची बाजू उचलून धरली. टाहो सरोवराचं पाणी निळंशार राहावं म्हणून १९९९ मध्ये जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोक इंजिनांना तिथे मज्जाव झाला. सिडनीच्या प्रसिद्ध बंदरात २००१ पासून जेट स्की चालवता येत नाही. या दबावाचा उपयोगही झाला. २००२ पासून फोर-स्ट्रोक इंजिनं आली, आवाज कमी झाला, धूर कमी झाला. आता तर विजेवर चालणाऱ्याही निघाल्या आहेत.

इंग्लंडमध्ये वेगळंच नाट्य घडलं. २००४ मध्ये वेमथच्या उपसागरात एका जेट स्कीनं दुसऱ्या जेट स्कीला धडक दिली. दुसऱ्या स्कूटरवरचा माणूस गंभीर जखमी झाला. चालकावर जहाजवाहतुकीच्या कायद्याखाली खटला झाला. अपिलात प्रश्न आला, की जेट स्की ही ‘जहाज’ आहे का? कायद्यात जहाज म्हणजे नौकानयनासाठी वापरलेलं यान. आणि नौकानयन म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणं. हा तर पाण्यात गोल गोल फिरून मौज करत होता. कुठे जायचंच नव्हतं त्याला! २००५ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की हे जहाज नव्हे; आणि शिक्षा रद्द झाली.

कायद्यातली ही फट बुजवायला ब्रिटनला २०२३ साल उजाडलं. त्या वर्षी नवा आदेश निघाला आणि जेट स्कीस्वारांनाही जहाजांच्या सुरक्षानियमांत आणण्यात आलं. बेदरकारपणे चालवणाऱ्याला आता तिथे दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. जपाननं तर २००३ पासूनच या यंत्रासाठी वेगळा परवाना ठेवलाय. ‘खेळणं की वाहन?’ या प्रश्नाचं उत्तर जगानं असं हळूहळू, माणसं दुखावल्यानंतर दिलं.

खेळणं कामाला लागलं

आता नाण्याची दुसरी बाजू. बुडणाऱ्या माणसाजवळ पोहोचायला जीवरक्षकाला पोहत किती वेळ लागेल? लाटा फुटत असतील तर मोठी बोट तिथे जाऊ शकत नाही. गेलीच तर तिचा फिरता पंखा पाण्यातल्या माणसाला इजा करू शकतो. जेट स्कीला असा उघडा पंखा नाही. ती लहान आहे, चपळ आहे, उथळ पाण्यात आणि फुटणाऱ्या लाटांत घुसते. हवाई बेटांवरचे जीवरक्षक ब्रायन केऑलाना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे हेरलं. स्कूटरच्या मागे मुठी असलेली एक जाड फळी बांधायची. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं फळीवर पालथं पडून बुडणाऱ्याला वर ओढायचं आणि निघायचं. काही सेकंदांचं काम. आज जगभर ही पद्धत वापरली जाते.

पोर्तुगालमध्ये नाझारे नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. तिथे समुद्राच्या तळाशी एक प्रचंड दरी आहे आणि तिच्यामुळे हिवाळ्यात किनाऱ्याशी इमारतीएवढ्या लाटा उठतात. एवढ्या वेगवान लाटेवर नुसतं हातानं वल्हवून चढता येत नाही. लाटेवर स्वार होणाऱ्याला जेट स्की दोरीनं ओढत नेते आणि तो पडला की तीच त्याला उचलायला धावते. २८ ऑक्टोबर २०१३ रोजी ब्राझीलची माया गाबेरा तिथे एका महाकाय लाटेवरून पडली. पायाचं हाड मोडलं, पाठोपाठच्या लाटांनी तिला पाण्याखाली दाबलं, शुद्ध हरपली. तिचा साथीदार कार्लोस बुर्ले जेट स्की घेऊन त्या फेसात तिला शोधत फिरत होता. अखेर त्यानं तिला गाठलं, किनाऱ्याला ओढून आणलं आणि वाळूवरच छाती दाबून तिचा श्वास परत आणला गेला. हीच माया पुढे पुन्हा नाझारेला गेली. २०१८ मध्ये आणि मग २०२० मध्ये तिनं महिलांमधल्या सर्वांत उंच लाटेचा जागतिक विक्रम केला. २०२० ची लाट २२.४ मीटरची, म्हणजे सात मजली इमारतीएवढी! विक्रम मायाचा. पण मागे जेट स्कीचं हँडल धरणारे हात नसते तर?

२०१७ मध्ये हार्वे वादळानं अमेरिकेतलं ह्युस्टन शहर पाण्यात गेलं, तेव्हा सामान्य माणसं आपापल्या होड्या आणि जेट स्की घेऊन शेजाऱ्यांना काढायला बाहेर पडली. गोव्यात २००८ पासून सरकारनं किनाऱ्यांवर जीवरक्षकांची व्यवस्था ‘दृष्टी’ या संस्थेकडे सोपवली. त्यांच्या ताफ्यातही जेट स्की आहेत. अर्थात हे यंत्र म्हणजे सगळ्या संकटांवरची जादूची कांडी नव्हे. आपल्याकडच्या पुराच्या पाण्यात प्लास्टिकच्या पिशव्या, गवत, कपडे, तारा असं सगळं वाहत असतं. पोटाखालच्या जाळीत ते अडकलं की इंजिन गुदमरतं. केरळच्या २०१८ च्या महापुरात खरी कामगिरी केली ती कोळीबांधवांनी आणि त्यांच्या होड्यांनी. कोणत्या पाण्यात कोणतं वाहन घालायचं, हे शेवटी पाणी ओळखणाऱ्यालाच कळतं.

रापण ओढणारे हात

आणि पाणी ओळखणारा माणूस आपल्या किनाऱ्यावर आहेच. मालवण, देवबाग, तारकर्लीत आज जो तरुण पर्यटकांना फेरी मारून आणतो, त्याचे वडील-आजोबा रापण ओढणारे. गावच्या गाव एकत्र येऊन किनाऱ्यावरून भलंमोठं जाळं ओढायचं आणि मिळालेली मासळी वाटून घ्यायची, ही तिथली जुनी रीत. पर्सेसीन जाळ्यांची मोठी यांत्रिक मासेमारी आली आणि पारंपरिक मच्छीमारांच्या वाट्याला येणारी मासळी कमी झाली. या वादावरून किनाऱ्यावर संघर्षही झाले. अशा वेळी पर्यटनानं अनेक घरांना हात दिला. घरात दोन खोल्या पर्यटकांना, अंगणात बायकांची खानावळ, आणि मुलगा पाण्यावर: डॉल्फिन दाखवणं, बनाना राईड, स्कूटरची फेरी.

हा धंदा बाहेरून वाटतो तितका सोपा नाही. यंत्र लाखोंच्या घरातलं, बहुतेक वेळा कर्जानं घेतलेलं. खाऱ्या पाण्यामुळे रोज संध्याकाळी इंजिन गोड्या पाण्यानं धुवावं लागतं, नाही तर गंज धरतो. सुटे भाग महाग. आणि पावसाळ्याचे महिने जलक्रीडा पूर्ण बंद. म्हणजे आठ-नऊ महिन्यांत बारा महिन्यांची कमाई करायची. मग दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या गर्दीत दोन फेऱ्या जास्त मारायचा मोह होणारच. तिसऱ्याच्या जागी चौथा बसवायचा, जॅकेटचं बक्कल तुटलंय तर दोरीनं बांधायचं, पोहणाऱ्यांच्या जवळून स्कूटर न्यायची... यात दुष्टपणा नसतो, हप्त्याचं गणित असतं. पण समुद्राला हप्त्याशी देणंघेणं नसतं.

पर्यटकही काही कमी नाहीत. ‘‘अहो, मला चालवू द्या ना, घरी बुलेट आहे माझ्याकडे!’’ असं म्हणून हँडलचा ताबा मागणारे, जास्त पैसे देऊ करणारे, ‘‘जरा जोरात घ्या, पैसे वसूल झाले पाहिजेत’’ म्हणणारे आपल्यातलेच असतात. बुलेटवर शिकलेली सवय इथे उलटी पडते, हे त्यांना ठाऊक नसतं. अशा वेळी ठामपणे ‘नाही’ म्हणणारा चालक उर्मट वाटतो. खरं तर तोच त्या किनाऱ्यावरचा सर्वांत चांगला चालक असतो.

आणखी एक गोष्ट. कोकणच्या किनाऱ्यावर पर्यटक बुडाला की आधी धावतात ते हेच जलक्रीडावाले आणि कोळी. कितीतरी किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक नाही. जिथे आहे तिथे एखाद-दुसराच. मग दुपारी फेऱ्या मारणारा तरुण क्षणात जीवरक्षक होतो. धैर्य त्याच्याकडे आहे, पाण्याचं ज्ञान आहे, वाहनही आहे. उणीव आहे ती प्रशिक्षणाची आणि मागे बांधायच्या त्या फळीची. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर छाती कशी दाबायची, तोंडानं श्वास कसा द्यायचा, हे शिकायला वर्ष लागत नाही. गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे जीवरक्षणाचं शिक्षण मिळतं. परवाना देताना सागरी मंडळानं आणि ग्रामपंचायतींनी हे शिक्षण सक्तीचं केलं, तर फेरीच्या स्कूटरमधूनच बचावाची स्कूटर उभी राहील. वेगळं यंत्र विकत घ्यायलाही नको.

पाण्यात उतरण्याआधी

मग आजीचं ऐकून घोडागाडीतच बसायचं का? मुळीच नाही. लाटेवर तरंगत जाण्याचा आनंद मोठा आहे आणि तो घेण्यात काही गैर नाही. मात्र फेरीआधीची दोन मिनिटं डोळे उघडे ठेवून घालवावीत.

पहिली गोष्ट जॅकेट. ते मापाचं हवं. खांद्याला धरून वर उचललं तर कानापर्यंत सरकतं का, बघा. सरकलं तर ते सैल आहे. पाण्यात पडल्यावर माणूस खाली आणि जॅकेट वर, अशी गत होईल. सगळी बक्कलं लागलीच पाहिजेत. ‘‘चारच मिनिटं तर जायचंय’’ ही सबब नको. २०१९ च्या पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला गर्दीनं भरलेली बोट उलटली आणि अनेक संसार उद्‍ध्वस्त झाले. ती माणसं जीव वाचवायलाच निघाली होती. अंगावर जॅकेट मात्र नव्हतं.

दुसरी गोष्ट दोरी. स्कूटरच्या स्विचला एक लाल किंवा पिवळी गुंडाळीची दोरी असते. तिचं दुसरं टोक चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेलं हवं. चालक पाण्यात पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. दोरी हँडललाच गुंडाळून ठेवलेली दिसली, तर चालक पडल्यावर स्कूटर तुमच्यासकट एकटीच पळेल हे ओळखा आणि ती फेरी सोडून द्या.

तिसरी गोष्ट मुलं. मागे बसणाऱ्याचे दोन्ही पाय पायठेवणीवर नीट टेकले पाहिजेत, असं कंपन्याच सांगतात. वयाचा हिशोब बाजूला ठेवा. पाय टेकत नसतील तर त्या मुलाची वेळ अजून आलेली नाही. आणि स्वतः चालवण्याबद्दल बोलायचं तर सोळा वर्षांखालच्यांच्या हाती हँडल देऊ नये, अशी या उद्योगाचीच शिफारस आहे.

चौथी गोष्ट कपडे. पोटाखालची जाळी पाण्याबरोबर ओढणी, साडीचा पदर, मोकळे लांब केस, जॅकेटचा लोंबता पट्टाही आत ओढू शकते. केस घट्ट बांधावेत, ओढणी आणि दागिने किनाऱ्यावर ठेवावेत. पाण्यात पडलंच तर इंजिन बंद झाल्याशिवाय स्कूटरच्या मागच्या बाजूला जाऊ नये. मागची धार इतकी जोरदार असते, की ती थेट अंगावर बसली तर शरीराच्या आत गंभीर इजा होऊ शकते. म्हणूनच पातळ पोहण्याच्या कपड्यांपेक्षा मांड्या झाकणारी जाड विजार बरी.

आणि शेवटची गोष्ट चालक. तो घाईत आहे का? पोहणाऱ्यांच्या गर्दीतून स्कूटर काढतोय का? की आधी लांब, मोकळ्या पाण्यात नेऊन मग वेग देतोय? वाळूवर उभं राहून त्याची एक फेरी नुसती बघितली तरी सगळं कळतं. गर्दी टाळून जाणाऱ्या, जॅकेटचं बक्कल स्वतः तपासणाऱ्या आणि ‘‘हँडल देणार नाही, साहेब’’ म्हणणाऱ्या चालकाकडे जा. त्याचे पन्नास रुपये जास्त असतील तर घासाघीस करू नका. त्याच्या फेऱ्या भरल्या, तरच शेजारचाही उद्यापासून मनगटाला दोरी बांधेल.